मोरव्याहून संगमेश्वर: खाऊने अडवलेला रस्ता

माझ्या भावाचं लग्न मे महिन्यात ठरलं, संगमेश्वरजवळच्या आमच्या गावी, आणि माझी मुलगी मनवा करवली झाली. नवी साडीचोळी नेसून, हातात करा-दिवा घेऊन मामाच्या मागे उभं राहायचं. दुसरीतल्या मुलीला याहून मोठा मान कुठला? पण तिला गाडी लागते. गेल्या दिवाळीत गावी पोचेपर्यंत ती इतकी ओकली की भाऊबीज झोपेतच गेली. त्यावरून माझी मावशी फोनवर म्हणाली, ही मांडवात उभी तरी राहील का, त्यापेक्षा माझी नात आहे ना, धाकटी, तिला करवली करूया. फोन स्पीकरवर होता. मनवाने सगळं ऐकलं.

तेव्हा मी ठरवलं की या वेळी पोरीच्या पोटात काय जाईल ते मी ठरवणार. ज्यांच्या मुलांना गाडी लागते त्यांनी डबा लिहून घ्या: राजगिऱ्याचे लाडू, उकडलेलं रताळं, भाजलेले मखाणे, चुरमुरे-डाळं, काकडीच्या फोडी (मीठ लावू नका, पाणी सुटतं), आवळासुपारी आणि अर्धं कापलेलं लिंबू वास घ्यायला. पोट तुडुंब नको आणि रिकामंही नको. थोड्या थोड्या वेळाने मूठभर द्यायचं. तळलेलं, दुधाचं आणि पाकिटातलं पूर्ण बंद.

हे सगळ्यांना आधीच सांगितलं होतं. तरी मोरव्याच्या आमच्या घरातून निघताना सासूबाईंनी मनवाच्या हातात क्रीम बिस्किटांचा पुडा दिलाच. मी आठवण केली तर म्हणाल्या, "पोरीचा हात रिकामा न्हाय ठेवायचा. प्रवासाला चाललीय ना ती?" मी पुडा घेऊन पर्समध्ये टाकला. गाडी सुरू व्हायच्या आधीच माझं डोकं तापलं होतं.

काशीमीऱ्याला चुलत सासऱ्यांचं गॅरेज आहे. हवा भरायला थांबलो, कारण त्यांच्या दारावरून न थांबता गेलं तर वर्षभर ऐकावं लागतं. हवा भरेपर्यंत काका समोरच्या टपरीवरून वेफर्सच्या दोन माळा आणि थंड्याची बाटली घेऊन आले. मनवा माझ्याकडे बघायला लागली. मी हसत नको म्हटलं, तर काका नवऱ्याकडे वळून म्हणाले, सूनबाई फारच शिकलेली दिसते. नवरा हसला. घोडबंदर रोडच्या ट्रकांच्या रांगेत मी त्याला विचारलं की यात हसण्यासारखं काय होतं. त्याने रेडिओ लावला.

तुम्ही याच रस्त्याने जाणार असाल तर ठाणे उजाडायच्या आत गाठा, नंतर गाडी हलत नाही. पनवेलला माझी नणंद राहते. तिथे दहा मिनिटं थांबायचं असं ठरलं होतं. मी वॉशरूमला गेले आणि बाहेर आले तर मनवा डायनिंग टेबलाशी बसलेली, पुढे रिकामी वाटी. बाजूला नणंद कौतुकाने उभी. बासुंदी होती. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो चपलेचा पट्टा लावण्यात गुंग झाला. मी नणंदेला काही बोलले नाही. तिने पहाटे उठून माझ्या मुलीसाठी दूध आटवलं होतं. माझा राग म्हणूनच वाढला, कारण त्याला बाहेर पडायला जागाच नव्हती.

वडखळनंतर रस्त्याकडेला बायका ताडगोळे घेऊन बसतात. जरूर घ्या, थंड असतात आणि पोटाला हलके. कोलाडच्या पुढे करवंदं मिळतात, पानाच्या द्रोणात. मोठ्या हॉटेलांत मात्र मुलांच्या खाण्याची बोंब आहे. आम्ही थांबलो तिथे दारापासून काउंटरपर्यंत चॉकलेटं आणि वेफर्स, तेही नेमके मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर. मी विचारलं, "भैया, बच्चे के लिए सादा कुछ है? दही-चावल, इडली?" तो म्हणाला, "फ्रेंच फ्राइज है ना मॅडम." दीडशे रुपयांचे बटाटे तळून विकतात आणि साधी इडली नाही. ज्यांनी कुणी ही हॉटेलं काढलीत त्यांना एकदा ओकणारं पोर मांडीवर घेऊन घाटातून न्यायला हवं.

माणगावला गाड्यांची रांग लागली होती. पुढे ट्रक, मागे एसटी आणि मध्ये आम्ही. तिथे मनवाने ओकारी काढली. फ्रॉक, सीट, माझ्या ओढणीचा पदर, सगळं बासुंदीने माखलं. मी दार उघडून तिला खाली उतरवलं, पाणी ओतलं आणि भर रस्त्यात ओरडले. आधी नवऱ्यावर आणि मग, लाज वाटते सांगायला, तिच्यावर. नाही सांगितलं होतं ना, मग खाल्लीस कशाला?

ती रडली नाही. ओल्या फ्रॉकमध्ये उभी राहून म्हणाली, "मम्मी, मी नको म्हटलं होतं. दोनदा म्हटलं. पप्पा बोलले, आत्याला वाईट वाटेल." मग तिने विचारलं, "आता धाकटी होणार का करवली?"

नवरा गाडीतून उतरला, स्वतःच्या रुमालाने तिचे पाय पुसले आणि म्हणाला, "माझं चुकलं, मनू." माझा राग तेवढ्याने गेला नाही, पण सीट पुसेपर्यंत लिंबू मी त्याच्याकडेच धरायला दिलं. पुढे महाड, पोलादपूर, कशेडीचा बोगदा, चिपळूण असं एकेक चुरमुरा चघळत ती गेली. शेवटच्या वळणांना तिने डोळे मिटून घेतले होते.

घरासमोर मांडव पडला होता. माझी आई पेढ्यांचं ताट घेऊन दारातच उभी, मागे मावशी आणि निम्मं गाव. आईने पेढा उचलून मनवाच्या तोंडापाशी नेला. मनवा म्हणाली, "आजी, आता नको." आईचा हात तसाच राहिला. मावशीने भुवया वर केल्या. मला अंगणातल्या सगळ्यांच्या नजरा कळत होत्या, आणि माझ्याही ओठांवर तेच आलं होतं: घे गं, आजीला नाही म्हणू नये.

मी ते गिळलं. "नको म्हणाली ना ती," मी म्हटलं, जरा जास्तच मोठ्याने. आई दुसऱ्या दिवशीपर्यंत माझ्याशी धड बोलली नाही. पण लग्नात करवली मनवाच होती, करा-दिवा घट्ट धरून, अक्षता पडेपर्यंत सरळ उभी.

परतताना पनवेलला नणंद गाडीपाशी आली. हातात डबा होता. मनवाने मान हलवून नको म्हटलं आणि माझ्या आधी नवराच बोलला, "ताई, ती नको म्हणतेय. डबा आमच्यासाठी दे." नणंदेचं तोंड उतरलं. उतरू दे.

आता घरी येऊन आठवडा झाला. सीटचा वास अजून जात नाही, सोडा टाकून दोनदा धुतली. डब्याची यादी कामाला येते, पण खरं सांगते, नुसत्या यादीने काही होत नाही, जोवर मुलाचा नकार ऐकायला गाडीत एकही मोठं माणूस नाही. काल संध्याकाळी सासूबाई वाटीत रव्याचा लाडू घेऊन आल्या. मनवाच्या हाताशी वाटी नेली आणि थांबल्या.

"खाशील का गं?" त्यांनी विचारलं.

मनवाने क्षणभर विचार केला, हो म्हणाली, आणि दोन लाडू खाल्ले.