दोघांसाठी ठरलेली सुट्टी

मित्र त्याला कवळ्या म्हणायचे. कवळ्या बनवून पोट भरणाऱ्याला दुसरं काय म्हणणार? दातांच्या डॉक्टरांकडून त्याच्याकडे तोंडाचे साचे यायचे. तो त्यात प्लास्टर ओतायचा, मेणाच्या हिरड्या कोरायचा, एकेक दात बसवायचा आणि तयार कवळी डबीत घालून परत पाठवायचा. ज्यांच्यासाठी एवढी खटपट करायची ती माणसं त्याच्या दृष्टीस कधी पडत नसत. त्याची बायको यावरून त्याला चिडवायची. "अख्ख्या गावाला हसवतोस आणि ओळख एकाशी नाही."

तिचं उलट होतं. ती बाळंतपणाच्या दवाखान्यात नर्स होती. तिच्या हातावर इतकी माणसं जन्माला आली होती की तिच्याबरोबर बाजारात निघालं की दर दहा पावलांवर थांबावं लागे. सगळे तिला सिस्टर म्हणत. लग्नानंतर एकदा गमतीत कवळ्यानंही तिला तशी हाक मारली, मग तेच नाव घरातही रुळलं. पाहुण्यांना जरा विचित्र वाटायचं. या दोघांना वाटेनासं झालं होतं. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात हाका मारायला होते ते हे दोघंच.

कवळ्याचे शाळेपासूनचे दोन दोस्त. एक मास्तर, गणित शिकवून निवृत्त झालेला. दुसरा लंबू, ऐन तारुण्यात परदेशी गेला, लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला आणि तिकडचाच झाला. दर वर्षी लंबूचा फोन यायचा, की उन्हाळ्यात या, घर मोठं आहे, तळं जवळ आहे. सिस्टरला जायचं होतं. कवळ्याला नेहमी काम असायचं. "पुढच्या उन्हाळ्यात नक्की," तो म्हणायचा. अखेर सिस्टर निवृत्त झाली आणि तिनं त्याला हाताला धरून नेऊन दोघांचे पासपोर्ट काढून आणले. थंडीत ती आजारी पडली. उन्हाळा यायच्या आत सगळं आटोपलंही होतं.

दिवसकार्य झाल्यावर लंबूचा फोन आला. "काही बोलू नकोस. मास्तर तिकिटं काढतोय. तू फक्त बॅग भर."

कवळ्यानं बॅग भरली. नाही म्हणायलाही अंगात थोडं बळ लागतं, तेवढं त्याच्यात उरलं नव्हतं.

सुट्टी कशी असावी, तर अशी. सकाळी घरामागच्या झाडाखाली टेबल मांडलेलं असायचं. कॉफी, पाव, उकडलेली अंडी. लंबूची बायको पाळणाघरात काम करायची, तिलाही महिनाभर रजा होती. न्याहारी संपता संपता दुपार व्हायची. मग कुणीतरी म्हणायचं, तळ्यावर जाऊ या. चटया, टॉवेल, कापलेलं कलिंगड घेऊन चौघं बसनं निघायचे. तिथे गवतावर लोळायचं, पाण्यात पाय सोडायचे, पत्ते कुटायचे. मास्तर पत्त्यांत लबाडी करायचा आणि पकडला गेला की संभाव्यतेचे नियम सांगायचा. ऊन तर संपता संपत नसे. रात्रीचं जेवण उरकलं तरी खिडकीत उजेड असायचा.

आणि या सगळ्यात कवळ्या काचेच्या भांड्यासारखा सांभाळला जात होता.

तो खोलीत शिरला की बोलणं थबकायचं आणि मग कुणीतरी हवेविषयी बोलायला लागायचं. लंबूची बायको त्याच्या ताटात न विचारता वाढायची. मास्तरची आणि त्याची उभी हयात एकमेकांना शिव्या घालण्यात गेली होती. तोच मास्तर आता त्याला "तुला काय वाटतं?" असं विचारायचा. सिस्टरचं नाव कुणी काढत नव्हतं. लंबूनं एकदा जुन्या सहलीची गोष्ट सुरू केली आणि त्या सहलीत ती होती हे आठवून मध्येच थांबला. "असो," म्हणाला आणि उगाच टेबल पुसायला लागला.

कवळ्याला दिलेली खोली छान होती. एकच पलंग, भिंतीला टेकवलेला. पण त्याच्या बाजूला गालिच्यावर चार खळगे होते, दुसऱ्या पलंगाच्या पायांचे. एक दिवस घडीच्या खुर्च्या आणायला तो गॅरेजमध्ये गेला, तर तिथे तो दुसरा पलंग आडवा करून, वर जुनी चादर टाकून ठेवलेला. चादरीवर धूळ नव्हती. कवळ्या खुर्च्या उचलून बाहेर आला. त्याला राग आला नाही. लंबूच्या बायकोनं एकटीनं एवढा जड पलंग ओढत नेला असेल, याचंच त्याला वाईट वाटलं.

तळ्यावर एकदा गंमत झाली. एक लठ्ठ कुत्रा किनाऱ्याला बांधलेल्या होडीत चढला आणि होडी हलायला लागल्यावर घाबरून तिथेच ठाण मांडून बसला. त्याचा मालक पाण्यात उभा राहून त्याची विनवणी करत होता. कवळ्या चटईवर पडल्या पडल्या हसला आणि डावीकडे वळून म्हणाला, "सिस्टर, ते ध्यान बघ."

डावीकडे टॉवेल होता. त्याच्या पलीकडे मास्तर. मास्तरनं ऐकलं होतं. त्यानं झटकन वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते वर्तमानपत्र ज्या भाषेत होतं तिच्यातलं एक अक्षर मास्तरला येत नव्हतं, तरी तो बराच वेळ ते वाचत राहिला.

त्याच संध्याकाळी कवळ्या पाणी प्यायला स्वयंपाकघराकडे गेला आणि दाराशीच थांबला. आत तिघांची कुजबुज चालली होती.

"स्वतःशी बोलतोय तो," मास्तर सांगत होता. "त्याला एकटं सोडण्यात अर्थ नाही."

"सकाळी मी असतेच," लंबूची बायको म्हणाली. "दुपारी तुम्ही बघा. संध्याकाळी हे."

"मी त्याला फिरायला नेत जाईन," लंबू म्हणाला.

सिस्टर दवाखान्यात पाळ्या लावायची, तशा या पाळ्या लागत होत्या. कवळ्या पाणी न पिताच परतला. आपली दया येऊन या चांगल्या माणसांची सुट्टी वाया चालली आहे, असं त्याला वाटलं. पलंगावर पडून तो छताकडे बघत राहिला. घरी तो एकटा होता तेव्हा निदान खरोखरचा एकटा होता. इथे त्याच्याभोवती तीन माणसं होती, आणि तिघांनाही त्याच्याशी बोलायची भीती वाटत होती.

दुसऱ्या दिवशी सगळे उठायच्या आत तो घराबाहेर पडला. कोपऱ्यावर जी पहिली बस आली तिच्यात बसला आणि शेवटच्या थांब्यापर्यंत गेला. फोन टेबलावरच राहिला होता. तो मुद्दाम ठेवला की विसरला, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटच्या थांब्यावर बघण्यासारखं काही नव्हतं. बसगाड्या धुवायची जागा, टायरचं दुकान, कपडे धुवायच्या यंत्रांचं दुकान, आणि त्यासमोर एक बाक. कवळ्या बाकावर बसला. दुकानात लोक येऊन यंत्रात कपडे टाकायचे आणि कपडे गोल फिरताना बघत बसायचे. एक म्हातारा जांभई देत होता. त्याची वरची कवळी सैल आहे हे कवळ्याला इतक्या लांबूनही कळलं. सुरुवातीला त्याला मोकळं वाटलं. इथे त्याला कुणी ओळखत नव्हतं, कुणी त्याच्यासाठी गप्प होत नव्हतं. मग ऊन सरकलं, म्हातारा कपडे घेऊन गेला, दुसरी माणसं आली, तीही गेली. आपण इथे थंडी पडेपर्यंत बसलो तरी कुणी विचारणार नाही, हे त्याच्या लक्षात आलं. तेव्हा तो बाकावरून उठला. त्यानं एक सफरचंद विकत घेतलं, अर्धं खाल्लं. मग आसपासच्या रस्त्यांवरून तो उगाच चालत राहिला. परतीची बस धरली ती चुकीची निघाली, आणि पुन्हा मागे यावं लागलं.

तो लंबूच्या गल्लीत शिरला तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. लंबू रस्त्याच्या मधोमध उभा होता. एवढा उंच माणूस, पण खांदे पडलेले. कवळ्याला बघताच तो ताडताड चालत आला.

"कुठे मेला होतास?"

"फिरायला गेलो होतो."

"फिरायला? सगळं तळं पालथं घातलं आम्ही. मास्तर पाण्यात उतरून आला, त्याला पोहता येत नाही, माहीत आहे ना? ही पोलिसांना फोन करायला निघाली होती." लंबूचा आवाज फाटला. "लाज नाही वाटत? सिस्टर असती ना, तर अशी कानाखाली काढली असती तुझ्या..."

नाव तोंडातून गेलं आणि लंबू दगडासारखा उभा राहिला. मागे फाटकाशी मास्तर होता. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली होती. त्याच्या शेजारी लंबूची बायको, हातात पंचा.

"नसती काढली," कवळ्या म्हणाला. "तिनं कधी हात उचलला नाही. अबोला धरायची. आणि तोही असा, की माझ्यादेखत भांड्यांशी बोलायची. 'बघ रे पातेल्या, आले साहेब.'"

आधी लंबूची बायको हसली. हसता हसता तिनं पंचा डोळ्यांना लावला. मग ती म्हणाली, "भावोजी, आधी जेवून घ्या. मग हवं तेवढं भांडा."

कवळ्या जेवत होता आणि तिघं त्याच्याभोवती बसले होते. गोष्टी निघाल्या. मास्तरच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा मास्तरच चक्कर येऊन पडला होता. सिस्टरनं बाळ एका हातात धरून दुसऱ्या हातानं त्याच्या तोंडावर पाणी मारलं होतं. लंबूच्या लग्नात फोटोवाला आलाच नाही, तेव्हा तिनं कुणाचा तरी कॅमेरा मागून आणला आणि फोटोत सगळ्यांची डोकी कापली होती. लंबूच्या बायकोनं पलंगाचंही कबूल केलं. "मला वाटलं, तुम्हाला बघवणार नाही."

"आणू या परत," कवळ्या म्हणाला. "कपडे ठेवायला जागा पुरत नाही मला."

मास्तर आणि लंबूनं तो पलंग लगेच आत आणला. दाराच्या चौकटीला खरचटवला, आणि तो कुणामुळे खरचटला यावर दोघांचं चांगलं वाजलं.

त्यानंतर घरातली हवा मोकळी झाली, हे खरं. मास्तर पुन्हा त्याला गाढव म्हणायला लागला. ताटात काय हवं ते त्यालाच घ्यावं लागायला लागलं. सिस्टरचं नाव जेवताना, पत्त्यांत, तळ्यावर सहज निघायचं. पण दोन-चार दिवसांत कवळ्याला एक गोष्ट उमगली. तीच पाण्याची गोष्ट, तोच कॅमेरा, तीच ती फोटोतली कापलेली डोकी. मित्रांकडे तिच्या मोजक्या आठवणी होत्या आणि त्या संपल्या होत्या. ती भाजी चिरताना दात-ओठ खायची, तिला वीज कडाडली की शिंक यायची, ड्यूटीवरून आली की ती पाय भिंतीला लावून जमिनीवर पडायची, हे कुणाला माहीत असणार? ते ज्याच्याकडे होतं तो एकटाच होता. त्यानं सांगून पाहिलं एकदा. तिघांनी मन लावून ऐकलं. सांगून झाल्यावर त्याला कळलं, की ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर दुसरीच कुणी बाई जमिनीवर पडली असणार.

त्यानं ते कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून दाखवण्यासारखी त्यात कुणाची चूक नव्हती.

उरलेल्या दिवसांत त्यानं स्वतःला एक सवय लावून घेतली. न्याहारीनंतर तो म्हणायचा, "मी निघतो. जेवायला येतो," आणि फोन खिशात टाकून कुठल्यातरी बसनं जायचा. आता कुणी अडवत नव्हतं. एकदा त्याला दातांची प्रयोगशाळा सापडली. काचेतून आतला माणूस मेण कोरताना दिसला. कवळ्यानं काचेवर टकटक केली आणि स्वतःच्या दातांकडे, मग हातांकडे बोट दाखवलं. त्या माणसाला काय समजलं देव जाणे, त्यानं आत बोलावून एक स्टूल पुढे केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. कवळ्या तिथे दुपारभर बसला आणि निघताना दोघांनी हात मिळवले, मेण लागलेलेच.

रात्रीच्या जेवणाला त्यानं ते सगळ्यांना सांगितलं.

"काय बोललात मग?" लंबूच्या बायकोनं विचारलं.

"काहीच नाही. पण बरं वाटलं."

मास्तरनं कवळ्याच्या पुढ्यात मिठाची बाटली सरकवली. मिठाची गरज नव्हती.

सुट्टी संपली. विमानतळावर लंबूनं वाकून त्याला मिठी मारली आणि पुढच्या उन्हाळ्याचं विचारलं. कवळ्या "बघू" म्हणाला. या वेळी काम आहे असं तो म्हणाला नाही.

घरी पोचल्यावर शेजारच्या मावशी दारात आल्या. "कसं होतं रे तिकडे?"

"उजेड फार असतो," तो म्हणाला. "संध्याकाळ होतच नाही लवकर."

"मग करायचं काय एवढ्या वेळाचं?"

कवळ्यानं खिशातून किल्ली काढली. "बसायचं," म्हणाला. मग त्यानं कुलूप काढलं, बॅग आत घेतली आणि आधी सगळ्या खिडक्या उघडल्या, कारण बंद घराला वास येत होता.