शेजारच्या बाईंची पट्टी

अमेरिकेत, पार्सिपनीत आमच्या शेजारी नव्वदी ओलांडलेल्या एक अमेरिकन बाई राहतात. बोलणं तुटक, हसणं नाहीच. मला त्यांची जरा भीतीच वाटायची. पण गाडीवरचा बर्फ खरवडताना माझा हात कापला, तेव्हा त्याच बाई लगबगीने आल्या आणि जुनी कापडी पट्टी सफाईने बांधली.

"तुम्ही नर्स होतात?"

"छे, मी पेशंट. भाऊ नेव्हीत मेडिक होता. सुट्टीवर आला की याच पट्टीने माझ्या हातावर सराव करायचा. महायुद्धात एका बेटावर उतरला, तो सापडलाच नाही."

दुसऱ्या दिवशी त्या जखम बघायला आल्या. मी पट्टीला कात्री लावली, तसं त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं.

"कापायची नाही, सोडायची. भावाला ती परत लागते."