लंकाबाईचा ओवा

पाथर्डीकडच्या आमच्या गावात कुणाचं पोट दुखलं की लंकाबाईचं दार वाजायचं. डाळीत हिंग घाला, पिठल्यात ओवा टाका, खाल्लेलं पचलं पाहिजे, हे तिनं जन्मभर सांगितलं. लुगड्याच्या ओच्यात ओव्याची पुरचुंडी कायम असायची.

बाहत्तरच्या दुष्काळात आम्ही सगळ्या बाया सरकारी कामावर खडी फोडत होतो. बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. एका दुपारी शेजारची हौसा पोट आवळून खाली बसली.

"मावशी, वाईच ओवा द्या."

लंकाबाईनं हातोडा ठेवला, पुरचुंडी काढली. गाठ सोडता सोडता विचारलं, "काय खाल्लं हुतंस?"

"काल सकाळी अर्धी भाकर."

लंकाबाईनं गाठ पुन्हा आवळली.

"मग नगं, बाई. ओव्यानं भूक लागती."