भांडं उलटं करणाऱ्या काकू

पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायच्या जेवणात, काकूंच्या हाती भांडं पडलं, की आत काय आहे ते न बघता त्या आधी ते उलटं करायला जायच्या. एकदा माझी आख्खी आमटी अशी त्यांच्या साडीवर गेली. बुडाशी नाव हवंच, हा त्यांचा हट्ट. माझा ऑफिसमधला मित्र निखिल याच्या त्या आई. नागपूरहून अमेरिकेत बॉथेलला येताना भांड्यांवर नावं घालायचं मशीन त्यांनी बॅगेत घालून आणलं होतं. "ज्याचं नाव त्याचं भांडं," असं म्हणत त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डब्यांवर नावं घातली.

२००६ साली मी त्यांना म्युझियममध्ये नेलं. तिथे अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रीक रांजण होता, तांबड्या मातीवर काळे घोडे रंगवलेला. काकू त्याचं बूड बघायला चक्क जमिनीवर बसल्या, तसा गार्ड धावत आला. तिथली माहिती सांगणारी आजी मात्र खूश झाली. घोड्यांच्या पायाशी लिहिलेलं तिने वाचून दाखवलं : 'मला अमक्याने घडवलं.'

"घडवणाऱ्याचं नाव? मग ज्याच्या घरचं, त्याचं कुठंय?"

त्याचं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. रांजण घडला ग्रीसमध्ये, सापडला इटलीत, रोमनांच्या आधीच्या एट्रुस्कन लोकांच्या एका थडग्यात. अशा भांड्यांना लोक कितीतरी वर्षं एट्रुस्कनच समजत, आणि इंग्लंडात त्यांच्या नकलाही त्याच नावाने खपल्या. थडग्यातून चोरून आणलेला, म्हणून आता हा रांजण इटलीला परत जाणार होता. आजी म्हणाली, "तो घरी चाललाय."

"अगं बाई, घरी म्हणजे कुठं?" काकूंनी मला विचारलं. मी समजावायला गेलो आणि माझाच गोंधळ उडाला. खाली कॉफी घेतली, तर कागदी कपावरही रांजणाच्या काठावरचीच चौकोनी वळणांची नक्षी. काकूंनी रिकामा कप उलटा करून पाहिला; बुडाशी कुणाचंच नाव नव्हतं.

त्यांच्या घरी तेव्हा हाच घोळ चालू होता. निखिल म्हणे, "आई, ग्रीन कार्ड फाईल करू, इथेच राहा ना." नागपुरातलं घर विकलेलं, पण तिथली त्यांची धाकटी बहीण रोज फोन करून बोलावत होती. तिकीट बुक व्हायचं, कॅन्सल व्हायचं. "तू सांग बाप्पा, मी नेमकी कुठली?" त्या मला विचारत. त्या जाऊ नयेत असं मला फार वाटे.

शेवटी त्या नागपूरला गेल्या. मी फोनवर विचारलं, "पोचलात ना घरी?"

"पोचले. घरी का काय, ते अजून समजायचंय."

जाताना त्यांनी मला चिवड्याचा एक जुना डबा दिला होता. चिवडा संपल्यावर मी डबा सवयीने उलटा केला. बुडाशी कुणा 'कुसुम'चं नाव. निखिललाही ठाऊक नव्हतं, म्हणून काकूंनाच विचारलं.

"मीच ती. लग्नाआधीची. आईनं दिलेला डबा आहे."

"मग परत पाठवू?"

"कुणाला पाठवशील? मला आता त्या नावानं कुणी ओळखत नाही रे."

काकू वारल्या त्याला आता बरीच वर्षं झाली. डबा अजून पॉटलकला जातो. नवी मुलं नाव वाचून विचारतात, "हे कोण?" मग जुन्यांपैकी कुणीतरी सांगतं, "तो ना, काकूंचा," आणि डबा धुऊन माझ्या हातात देतं.