कानांचं तिकीट

अक्कांना थिएटरात कुणी गप्प बसवलंय, असं मी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नाही. बसवायला निघालेले मात्र दर शुक्रवारी नवे भेटत. मागून कुणीतरी "शू" करायचं, पुढचा कुणी मान वळवून बघायचा, आणि अक्का हातातलं वाक्य पुरं केल्याशिवाय थांबायच्या नाहीत. ते संपलं की वळून अगदी शांतपणे विचारायच्या, "काय म्हणालात?" एवढ्यावरच निम्मे लोक गार व्हायचे. उरलेल्या निम्म्यांसाठी त्यांच्याकडे एक ठेवणीतलं उत्तर होतं, ते पुढे येईलच.

मी नोकरीसाठी पुण्याहून आले आणि जे. पी. नगरमध्ये त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. खाली अक्का आणि अण्णा, घरात कन्नडमिश्रित मराठी बोलणारे. होते नवरा-बायको, पण सगळी गल्ली त्यांना याच नावांनी ओळखायची, म्हणजे कन्नडच्या हिशेबाने ताई आणि दादा. पहिल्याच आठवड्यात मी हे हसत हसत बोलून दाखवलं. अक्का म्हणाल्या, "चाळीस वर्षं झाली लग्नाला. आता काय नातं आहे ते आम्हालाही आठवत नाही. तू जिन्यात चपला काढू नकोस, एवढं बघ." माझं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी शेवटपर्यंत मी त्यांची 'पुणेकर'च राहिले.

दोघांची नोकरी एकाच सरकारी कारखान्यातली. अक्का ड्रॉइंग ऑफिसात, अण्णा तपासणीत. तिथे एक रीत होती. सुटा भाग तयार होऊन आला की एकाने ड्रॉइंग मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने भागावर माप घेऊन ताडून बघायचं. वाचणाऱ्याने डावीकडून सुरुवात करायची, काही गाळायचं नाही, मनचं काही घालायचं नाही. जुळलं की तपासणारा म्हणणार, "सरी," म्हणजे बरोबर. नाही जुळलं तर, "पुन्हा वाच." अक्का वाचायच्या आणि अण्णा तपासायचे, असं दोन वर्षं चाललं आणि मग लग्न ठरलं. अक्का अभिमानाने सांगायच्या, "ह्यांनी मला 'पुन्हा वाच' असं तीनदाच म्हटलंय बघ. तिन्ही वेळा चूक ड्रॉइंगची होती."

निवृत्तीनंतर काचबिंदूने अण्णांची नजर गेली. त्यानंतरची तीन वर्षं अक्कांनी मला एकदाच सांगितली, तीही डोसे घालता घालता, माझ्याकडे पाठ करून. नवा डॉक्टर, नवे थेंब, म्हैसूरचा कुणी वैद्य. दर वेळी अण्णा सकाळी खिडकीकडे तोंड करून बसायचे आणि विचारायचे, "आज स्वल्प जास्त दिसतंय, नाही का गं?" आठवड्याभरात आशा मावळायची आणि मग चार-चार दिवस ते ताटाला हात लावायचे नाहीत. अखेर एका डॉक्टरने स्पष्ट सांगितलं, गेलेली नजर परत येत नाही. त्या दिवशी दवाखान्यातून निघाल्यावर अक्कांनी रिक्षा घराकडे नेऊच दिली नाही. दुपारच्या खेळाला थेट थिएटर गाठलं. "घरी जाऊन रडायचं, त्यापेक्षा इथं अंधार सगळ्यांना सारखा," म्हणाल्या. खुर्चीत बसल्यावर अण्णांना सांगितलं, "मी वाचते. तुम्ही तपासा."

तेव्हापासून दर शुक्रवारी वाचन. संवाद अण्णा स्वतः ऐकायचे. अक्का फक्त दिसणारं सांगायच्या, तेही कारखान्याच्या पद्धतीने. "डावीकडं खिडकी, उघडी. बाई उभी. साडी निळी. हातात पत्र, घडी मोडलेली." अण्णा म्हणायचे, "सरी." एका कानाने त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे कुजबुजून भागत नसे. मी एकदा शहाणपणा करून मोबाइलवरच्या अॅपची माहिती दिली, ते कानात सगळं सांगतं म्हणून. अक्कांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्याला ह्यांनी सरी म्हटलेलं ऐकू जातं काय?"

आता ते ठेवणीतलं उत्तर. कुणी फारच चिडलं तर अक्का म्हणायच्या, "तुमचं तिकीट डोळ्यांचं, आमचं कानांचं. किंमत दोघांकडून सारखीच घेतलीय." हे त्या कन्नडमध्ये म्हणायच्या, हिंदीत म्हणायच्या, इंग्रजीतही म्हणायच्या. या शहरात कुठलंही भांडण 'स्वल्प अॅडजस्ट माडी'वर, म्हणजे 'थोडं जमवून घ्या'वर मिटतं, रिक्षातलं असो नाहीतर पार्किंगमधलं. अक्कांना मात्र त्या तीन शब्दांचा मनस्वी तिटकारा. कुणी तसं म्हणालं की त्या लगेच म्हणायच्या, "नीवे माडी." तुम्हीच करा!

मला याची लाज वाटायची, हे कबूल करते. त्यांच्याबरोबर पिक्चरला जायचं मी जमेल तेव्हा काही ना काही कारण काढून टाळायचे. एका शुक्रवारी मात्र इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या ऑफिसची सगळी टीम अर्धा दिवस सुट्टी काढून इजिप्तच्या देवांचा एक चित्रपट पाहायला गेली, आणि पाहते तर दोन रांगा पुढे अण्णांची पांढरी काठी. मी त्यांना ओळख दिली नाही.

चित्रपट हिंदीत डब केलेला, आणि त्याची कीर्ती आधीच पसरलेली. लोक पहिल्या मिनिटापासून हसायच्या तयारीत होते. बहिरीससाण्याच्या तोंडाचा देव पडद्यावर आला आणि हशा पिकला. त्याच्या काकाने त्याच्या बापाला मारून तुकडे चहूकडे फेकले, तेव्हा कुणीतरी "कुरियर आलं!" म्हणून ओरडलं. काकाने पुतण्याचा डोळा उपटून काढला, तेव्हाही लोक खिदळत होते, कारण डोळा खरंच रबरी दिसत होता. माझ्या शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, काय क्रिंज आहे हे!" आणि मीही हसले.

या सगळ्या गलक्यात अक्कांचं वाचन चालूच होतं. "देव, उंची दोन पुरुष. तोंड ससाण्याचं, चोच सोन्याची. डावा डोळा गेला. खाच आहे. रक्त येतंय, पण हातातला भाला सोडलेला नाही." त्यात थट्टा नव्हती की भाबडेपणा नव्हता. ड्रॉइंगवर जे होतं ते त्या वाचत होत्या. मागच्या एका पोराने "आंटी, कॉमेंट्री बंद!" म्हणून हाळी दिली. हे ऐकून सगळे आणखी हसले. मग कुणीतरी तक्रार केली आणि बॅटरी घेऊन थिएटरचा माणूस आला. तो बिचारा अदबीनेच म्हणाला, "अम्मा, तक्रार आलीय. बोलणं बंद करा, नाहीतर बाहेर यावं लागेल."

अण्णांनी काठी हातात घेतली. ते उठायलाच लागले होते. अक्कांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं आणि स्वतः उभ्या राहिल्या, तोंड आमच्या रांगांकडे करून. आधी तिकिटाचं वाक्य म्हटलं, हिंदीतून. मग म्हणाल्या, "दीड तास तुम्ही सगळे ओरडताय, तुमची तक्रार कुणी केली नाही. आणि हसताय कशाला? आपल्या देवाला हत्तीचं तोंड आहे, त्याच्यापुढं दहा दिवस मोदक ठेवता. ह्यांच्या ससाण्यानं काय घोडं मारलंय? डोळा गेलेला माणूस उभा राहिलाय तिथं. बघा जरा." आणि त्या माणसाला म्हणाल्या, "बाहेर न्यायचं तर उचलून न्या. आम्ही चालत येणार नाही."

तो माणूस बॅटरी विझवून निघून गेला. मी तोवर खुर्चीत इतकी खाली सरकले होते की पडदा दिसत नव्हता. मी उठून त्यांच्या शेजारी उभं राहायला हवं होतं. राहिले नाही.

नंतर हसू पुरतं थांबलं असं नाही, पण कमी झालं. कोल्ह्याच्या तोंडाचा देव तराजू घेऊन आला, तेव्हा त्याच मागच्या पोराने विचारलं, "आंटी, ये कौन?" अक्का म्हणाल्या, "मेलेल्यांचं काळीज पिसाशी तोलतो. गप्प बस, तुझंही तोलेल." त्यावरचं हसू मात्र वेगळं होतं. त्यात त्याही हसल्या.

शेवटच्या लढाईत चंद्राचा देव येतो, तळहातावर तो हरवलेला डोळा घेऊन, आणि ससाण्याच्या खाचेत बसवतो. इतका वेळ टिंगल करणाऱ्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. अक्का थांबल्या. एरवी त्या कधी थांबत नसत. मग त्या गजरावर आवाज चढवून त्यांनी वाचलं, "डोळा परत आला नाही. एका डोळ्यानंच लढतोय."

अण्णांचं "सरी" यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

खेळ संपल्यावर मी ऑफिसच्या लोकांना कटवलं आणि खाली मान घालून त्या दोघांना गाठलं. आम्ही शेजारच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, कॉफी प्यायला गेलो. अक्का हात धुवायला गेल्या तसे अण्णा माझ्याकडे झुकून म्हणाले, "डोळा परत आला ना गं पिक्चरमध्ये?" मी वळून नळाकडे बघितलं. ते म्हणाले, "एवढ्या टाळ्या डोळा न येण्याला कोण वाजवेल? चाळीस वर्षांत तिनं मला एकच खोटं सांगितलं, आणि तेही ओरडून, भरल्या थिएटरात. मला कळलंय ते तिला सांगू नकोस." आणि ते समाधानाने कॉफी पिऊ लागले.

घरी आल्यावर जिन्यात मी अक्कांना विचारलं, असं का वाचलंत? त्या म्हणाल्या, "तीन वर्षं ह्यांनी आशा डोक्यावर वाहिली. केवढ्या कष्टानं खाली ठेवलीय, ते मी बघितलंय. कोण कुठला चंद्राचा देव येऊन ती परत ह्यांच्या डोक्यावर देणार, आणि मी वाचून दाखवणार? जमणार नाही. डोळ्यावाचूनही लढता येतं, हे ह्यांनी ऐकलं तर पुरे." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "आणि खुर्चीत किती खाली सरकली होतीस ते दिसलं मला. तशी बसत जाऊ नकोस पुणेकर, पाठ धरेल." एवढंच बोलल्या. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

गेल्या श्रावणात अक्का गेल्या. सकाळी डोसे घातले, दुपारी छातीत दुखलं आणि दिवेलागणीला सगळं संपलं होतं. मला रडण्याआधी राग आला. कुणाचा ते अजून ठरलेलं नाही. कॅनडाहून मुलगा आला. भला आहे तो. त्याने घरात मोठे स्पीकर बसवले आणि म्हणाला, "बाबा, आता थिएटर नको. कोण नेणार तुम्हाला, आणि लोकांना त्रास नको." अण्णा म्हणाले, "सरी, सरी." सरी दोनदा म्हटलं की त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे त्या मुलाला कसं माहीत नव्हतं कोण जाणे.

मध्यंतरी तो इजिप्तचा चित्रपट पोराटोरांत वेगळ्याच कारणाने गाजला. वाईट म्हणूनच लोकांना तो आवडायला लागला. मारतहळ्ळीच्या एका थिएटरात त्याचा दुपारचा एक खास खेळ लागला, सगळ्यांनी मिळून हुर्यो करायला. मी हे अण्णांना सहज सांगितलं. ते ताठ होऊन बसले. म्हणाले, "दोन तिकिटं काढ. एक कानांचं."

थिएटर भरलेलं होतं. लोक पडद्यावरच्या नटांच्या आधीच संवाद म्हणत होते. मी हळू आवाजात सुरुवात केली. "ऐकू येत नाही," अण्णा म्हणाले. मी आवाज चढवला. सोपं नव्हतं ते. मी भाला विसरायचे, उजवं-डावं चुकायचे, आणि शेजारून येत राहायचं, "पुन्हा वाच." मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, प्लीज! स्वल्प अॅडजस्ट माडी." सवयीने मी खुर्चीत खाली सरकायला लागले आणि पाठीचं आठवलं. उठून उभी राहिले. "नीवे माडी," म्हटलं, आणि डोळ्यांच्या आणि कानांच्या तिकिटाचं ते वाक्य माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये ऐकवलं.  बसले तेव्हा ताठ बसले.

मग चंद्राचा देव आला. अख्खं थिएटर आरोळ्या ठोकत होतं. काय वाचायचं याचा मी आठवडाभर विचार केला होता. अण्णांना खरं ठाऊकच होतं, आणि मनचं घालायचं नाही ही रीत. म्हणून मी वाचलं, "तळहातावर डोळा. खाचेत बसवला. डोळा परत आला."

अण्णांनी कान माझ्याकडे केला. म्हणाले, "पुन्हा वाच."

ऐकू गेलं नसेल म्हणून मी मोठ्याने तेच वाचलं.

"पुन्हा वाच, पुणेकर," ते म्हणाले. "ह्या ड्रॉइंगवर तिची सही आहे. माप बदलायचं नाही."

त्या गोंगाटावर आवाज चढवून, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं मी वाचलं, "डोळा परत आला नाही. एका डोळ्यानंच लढतोय."

"सरी," अण्णा म्हणाले, आणि पॉपकॉर्नसाठी हात पुढे केला.