दत्तोबांचं सरकतं दार

आमच्या निघोज्यात कुणाकडे नवी वस्तू आली की गाव आधी तिला नावं ठेवतं आणि मग ती बघायला रांग लावतं. दत्तोबांच्या दाराच्या वाट्याला दोन्ही आलं, आणि दोन्ही भरपूर आलं.

दत्तोबा माझे चुलतभाऊ, वयाने माझ्याहून बरेच मोठे. शेती बेताची, पण भाजी अशी काढायचे की देहूरोडच्या पलटणीच्या मेसमध्ये त्यांचीच वांगी जायची. पहाटे बैलगाडी जुंपायची आणि दुपार कलल्यावर घरी परतायचं. गोऱ्या साहेबांच्या काळापासूनचा हा रतीब, त्यामुळे साहेबाच्या प्रत्येक गोष्टीवर आपला थोडाफार हक्क आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं. साहेब चहा कसा पितो, हे ते पारावर बसून इतक्या अधिकाराने सांगायचे की दोघे एकाच बशीतून प्यायल्यासारखं वाटावं. खरं तर साहेबाचा खानसामा सोडला तर त्यांच्याशी तिथं कुणी बोलल्याचं मला माहीत नाही.

गोरे गेले. पुढे काही वर्षांनी तिथला एक जुना बंगला पाडला आणि त्याचं सामान लिलावात निघालं. मी तिथल्या डेपोत कामाला होतो. मीच दत्तोबांना म्हणालो, की पत्रे चांगले आहेत, गोठ्याला होतील. दत्तोबा पत्रे आणायला गेले आणि दार घेऊन आले.

दार म्हणजे काय दार! लोखंडी चौकट, पुरुषभर उंचीची काच, खाली चाकं. उघडायचं झालं तर आत-बाहेर ढकलायचं नाही, बाजूला सारायचं. खाली जमिनीत एक लोखंडी खाच बसवायची आणि त्या खाचेतून चाकं फिरवायची. साहेब म्हणे संध्याकाळी ते सारून बागेकडे बघत बसायचा. दत्तोबांच्या घरामागे बाग नव्हती, उकिरडा होता. पण त्यांनी मागच्या पडवीचं सागवानी दार काढलं, त्या फळ्यांची बैलांना गव्हाण केली आणि तिथं हे साहेबाचं दार स्वतःच्या हाताने बसवलं. बाहेरून किल्ली फिरवली की दाराच्या कडेचा आकडा चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात जाऊन बसायचा, आणि खट् असा आवाज व्हायचा. पहिल्या दिवशी दत्तोबांनी तो खट् सगळ्या आळीला ऐकवला. माझ्या आईला तर दोनदा.

रुक्मिणीवहिनींना मात्र दार पहिल्या दिवसापासून पटलं नाही. "अवो, ह्याला उंबरा कुटं हाय? बिनउंबऱ्याचं घर असतंय व्हय?" असं त्या म्हणाल्या. दत्तोबा म्हणाले, "साहेबाकडं उंबरा नसतुया." वहिनी म्हणाल्या, "म्हून तर त्याला घर सोडून जावं लागलं." शेवटी वहिनींनीच तोड काढली. त्या लोखंडी खाचेलाच त्यांनी उंबरा मानलं. सणावाराला तिच्यावर रांगोळी, हळदकुंकू, फूल, सगळं रीतसर सुरू झालं. शिवाय दार बघायला महाळुंग्यापासून माणसं यायची. माणसं येणार म्हटल्यावर जमीन नीट दिसायला नको का? म्हणून वहिनी पडवी अगदी खाचेच्या काठापर्यंत गुळगुळीत सारवायच्या. सारवण त्यांच्यासारखं गावात कुणाचं नव्हतं.

आणि त्याच साली, दिवाळी झाल्यावर, दार लागेना झालं.

सरकायचं, पण किल्ली फिरवली की आकडा भोकाच्या वरच्या अंगाला लोखंडावर आपटायचा. दत्तोबांनी आधी गोडं तेल घातलं. मग घासलेट ओतलं. मग मालोजी लोहाराला बोलावलं. मालोजीने कानस घेऊन पट्टीचं भोक वरच्या बाजूला वाढवलं आणि आकडा बसला. दत्तोबांनी पुन्हा आळीला खट् ऐकवला. संक्रांत झाली आणि आकडा पुन्हा वर आपटायला लागला. मालोजीने पुन्हा भोक वाढवलं. शिमग्यानंतर पुन्हा तेच. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, असा तो प्रकार होता, पण तेव्हा हे आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नाही. कुलूप लागत नाही म्हणून आम्ही सगळे कुलपाकडेच बघत होतो.

दत्तोबांनी तर सिद्धान्तच मांडला. "दार वाडतंय," ते पारावर म्हणाले. "इलायती लोखंड हाय. आपलं ऊन त्याला मानवलंय." गावाला तेवढंच हवं होतं. दत्तोबा दिसले की कुणीतरी विचारायचं, "काय राव, दार वयात आलं का न्हाई? स्थळं बघायची का?" मीही विचारलंय, खोटं कशाला बोलू. दारावर कुणी लिंबू-मिरची बांधली, कुणी सुचवलं की नाचता येईना अंगण वाकडं, तसं ह्यांना बसवता येईना आणि लोखंड वाकडं.

इथपर्यंत सगळी गंमतच होती. पण वहिनींसाठी ती गंमत नव्हती.

वहिनींचं माहेर घोडेगावच्या पुढे डोंगरात. तिथं त्यांची आई, सोजराबाई. मागचं दार लागत नाही म्हटल्यावर घर एकटं टाकता येईना. दत्तोबा पहाटेच गाडी घेऊन देहूरोडला जाणार. घरात दुसरं कुणी नाही, मुली नांदायला गेलेल्या. रात्री आतून मुसळ आडवं लावून भागायचं, पण बाहेरून काय लावणार? कडीकोयंडा ठोकायला दत्तोबा तयार नव्हते, काच तडकेल म्हणून. शेजाऱ्याला 'जरा घर बघ' म्हणायला तयार नव्हते, कारण मग दार लागत नाही हे कबूल करावं लागलं असतं, जणू ते कुणाला माहीतच नव्हतं! असा माणूस. परिणामी वहिनी दोन वर्षं माहेरी गेल्या नाहीत. भाऊबीजेला भाऊच इकडे यायचा.

दोन वर्षं उलटल्यावर अक्षय्यतृतीयेच्या तोंडावर तो भाऊ, भिमाजी, अचानक आला. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "आक्का, आयचा एक डोळा गेला. दुसऱ्यानं आता नुसतं उजेड-अंधार दिसतुया. ती रोज इच्यारती, रुक्मी कवा येनार? तोंड दिसतंय तवर एकदा तिला आण म्हणती."

वहिनींनी नवऱ्याकडे फक्त बघितलं. त्या बघण्यात दोन वर्षांचं सगळं होतं. दत्तोबा उठले आणि मला म्हणाले, "पहार घे. दारच काढून टाकू. गव्हानीच्या फळ्या काडू, न्हाईतर कुडाचा झाप बांधू." त्यांच्या तोंडून हे ऐकणं म्हणजे काय होतं, हे तुम्हाला सांगून कळायचं नाही. माणूस हरला होता, आणि बायकोसाठी हरला होता. मला त्या दिवशी त्यांची पहिल्यांदाच चेष्टा करावीशी वाटली नाही.

दुपारची वेळ होती. आम्ही दोघांनी दार उचलून भिंतीला टेकवलं. आता खाच उपटायची. दत्तोबांनी खाचेत खुरपं घातलं आणि ते थांबले. खुरपं लोखंडाला लागलंच नाही. त्यांनी जोर लावला तशी खाचेतून एक लांबच लांब वडी निघून आली. वाळलेल्या शेणाची. दगडासारखी घट्ट. वडीच्या कडेला थर स्पष्ट दिसत होते: शेण, मग पांढरी रांगोळी, मग शेण, मग कुंकवाची रेघ, पुन्हा शेण. दिवाळी, संक्रांत, शिमगा, सगळे सण तिथं एकावर एक बसले होते.

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. ओलं सारवण खाचेत उतरायचं. चाकं ते ढकलत ढकलत कडेला न्यायची आणि दाबून टाकायची. दार त्यावर चढायचं, बोटभर वर उचललं जायचं, आणि आकडा भोकाच्या वर आपटायचा. दार वाढत नव्हतं. खालची जमीन वाढत होती, वहिनींच्या हाताने.

दत्तोबांचा चेहरा असा फुलला! दोन वर्षं गावाने ज्याला टोचून खाल्लं, त्या माणसाच्या हातात पुरावा आला होता. ती वडी झेंड्यासारखी वर धरून ते ओरडायला वळले. "अगं ए..." एवढं तोंडातून निघालंसुद्धा.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला. त्या आईसाठी लाडू बांधत होत्या आणि भिमाजीला विचारत होत्या, "मी गेल्यावर आयला माझं तोंड दिसंल ना रे? का उशीर झाला?"

दत्तोबांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. ती वडी त्यांनी उकिरड्यात नेऊन टाकली, वर पायाने माती लोटली, आणि परत येऊन माझ्या दंडाला धरून हळूच म्हणाले, "तुज्या तोंडातनं ह्यातलं अक्षर जरी फुटलं, तर तू माजा भाऊ न्हाईस." आम्ही दोघांनी खाच घासून लख्ख केली आणि दार परत चढवलं. किल्ली फिरवली. खट्.

आवाज ऐकून वहिनी पिठाच्या हाताने बाहेर आल्या. दत्तोबा मान खाली घालून म्हणाले, "माजंच चुकलं व्हतं. बसवतानाच वाकडं बसवलं व्हतं मी."

मग वहिनींनी जे सुरू केलं, ते भिमाजीने, मी, आणि कुंपणापलीकडून शेजारच्या गोजाबाईने, सगळ्यांनी ऐकलं. "दोन वर्सं! दोन वर्सं मला ह्या काचंपाशी राखण बसवली! वाकडं बसवलं म्हनं! सरळ काय येतंय तुमाला?" असा पट्टा चालला होता. दत्तोबा एरवी एका शब्दाला चार परत करणारे. त्या दिवशी त्यांनी सगळं गपगुमान अंगावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाकणहून एस.टी. धरायची होती. आणि वहिनी शेणाची पाटी घेऊन पडवीत आल्या. बरोबरच होतं. माणूस गावाला निघून गेल्यावर मागे घर सारवत नाहीत, अशुभ असतं. म्हणून निघायच्या आधीच सारवायचं. दत्तोबांनी झडप घालून पाटी घेतली. "मी सारवतो!"

निघोज्यात पुरुषाने पडवी सारवल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. गोजाबाई तर कुंपणाला चिकटून उभी राहिली. "माहेरी जाताना बायकुच्या हाताला शेण नगं," असं कारण दत्तोबांनी तिथल्या तिथे बनवलं आणि धोतर खोचून गुडघ्यांवर बसले. सारवण कसलं, म्हशीने लोळण घेतल्यावर जमीन दिसावी तसं दिसत होतं. खाचेच्या अलीकडे मात्र त्यांनी वीतभर जागा कोरडी सोडली.

"अवो, तेवढं राह्यलं की कडंचं," वहिनी म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे. यस्टी चुकंल."

वहिनींनी त्या कोरड्या जागेकडे बघितलं. मग लखलखणाऱ्या खाचेकडे बघितलं. मग नवऱ्याकडे. त्यांनी गाठोडं उचललं. त्यांच्या पाठोपाठ दत्तोबांनी दार सारलं, किल्ली फिरवली आणि त्यांना सोडायला गाडी जुंपली.

वहिनी आठवडाभर राहून आल्या. आल्या संध्याकाळी मी गेलो तेव्हा त्यांनी सांगितलं. आईने त्यांना अंगणात नेलं, उन्हाकडे तोंड करून बसवलं, दोन्ही हातांनी कपाळ, गाल, हनुवटी चाचपली, आणि म्हणाली, "दिसलीस गं बाय, दिसलीस." खरंच दिसलं की नाही, ते त्या म्हातारीलाच ठाऊक. वहिनींनी विचारलं नाही. मला वाटतं, चांगलंच केलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी पडवी सारवायला बसल्या. माहेरची खबर काढायला गोजाबाई आणि आणखी एक-दोघी जमल्या होत्या. दत्तोबा गोठ्यात गव्हाणीपाशी होते आणि मी वैरणीचा भारा उतरवत होतो. गोजाबाई हसत म्हणाली, "रुक्मे, वाकडं दार बसवनाऱ्याच्या हातचं सारवण बगितलं गं आमी! दोन्ही सारकंच!" सगळ्या खिदळल्या.

वहिनींचा हात अर्धगोल फिरत फिरत दारापर्यंत आला आणि खाचेच्या अलीकडे वीतभर थांबला. त्यांनी हात वर उचलला, पाटीत बुडवला आणि तेवढी जागा तशीच कोरडी ठेवून दुसरीकडे वळवला.

"न्हाई गं," त्या खाली बघतच म्हणाल्या. "दार ह्यांनी सरळच बसवलं व्हतं."

गोजाबाईला काही कळलं नाही. मी दत्तोबांकडे बघितलं. आयुष्यभर पारावर बोलत आलेल्या माणसाला वहिनींनी गावासमोर खरं ठरवलं होतं. ते नुसते बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "आन रं तो भारा इकडं. बैल उपाशी हाय."