कडी लावलेला रुपया

तातूनाना रुपया कधी बघून घेत नसत, ऐकून घेत. नखावर उडवून तो दारातल्या फरशीवर पडू द्यायचा आणि डोळे मिटून बसायचं. मध्येच कुणी तोंड उघडलं, की हात वर करत. "थांब की रं, आदी त्येला बोलू दे." त्यांचा धंदा गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करण्याचा. विट्याकडच्या कितीतरी माणसांसारखे तेही अर्धं आयुष्य परमुलखात मुशीपुढे बसून आले होते. आता तिकडचं दुकान भागीदार बघायचा आणि नाना गावात, आमच्या शेजारी राहायचे. भट्टीच्या धगीनं त्यांच्या भुवया कधीच गेल्या होत्या, त्यामुळे रागावले तरी ते नवल वाटल्यासारखेच दिसत.

माझ्या लग्नाला वर्ष व्हायच्या आत हे पलटणीबरोबर आफ्रिकेच्या लढाईवर गेले. जाताना पगारातले अकरा रुपये, सगळे चांदीचे, राणीछाप, माझ्या ओंजळीत घातले आणि "जप" एवढंच म्हणाले. सासूबाई समोर उभ्या, आणखी काय बोलणार बिचारे! नानांनी त्या रुपयांना कड्या लावून मला माळ करून दिली. ती बघून आळीतल्या आणखी सहाजणींनी तशाच माळा करून घेतल्या. मजुरी विचारली तर नाना म्हणत, "लेकीबाळींच्या गळ्याची कसली मजुरी?" डाखाचं, म्हणजे सांधा जोडायचं काम इतकं नाजूक, की कडी रुपयातूनच उगवली असं वाटावं. नानांना त्या कामाचा गर्व होता, आणि तो त्यांना शोभायचा.

मग दवंडी पिटली, राणीछाप रुपये बंद होणार. त्याआधी कागदाचा रुपया आलाच होता. सासूबाई म्हणाल्या, "उंदरानं खाल्ला तर मागायचा कुनाला?" बाजारातला एक व्यापारी सायकलवरून गावात फिरू लागला. "दहा आणे देतो, उद्या तेवढेही मिळायचे नाहीत," असं सांगून तो बायकांना घाबरवायचा. मला पैशाची भीती नव्हती. लोक म्हणायचे, "राणीचा रुपाया मेला." ह्यांनी हातात दिलेल्या रुपयाबद्दल तो शब्द ऐकला, की मी पदराआड माळ मुठीत घट्ट धरायची.

नानांनी व्यापाऱ्याला वेशीबाहेर घालवलं. "सरकारी खजिन्यात पुरं सोळा आणं मिळत्यात. चला समद्या माज्यासंगं," म्हणाले आणि आम्हा सातजणींना बैलगाडीत घालून विट्याच्या कचेरीत घेऊन गेले. सुटे रुपये बदलून मिळाले. मग कारकुनानं माझ्या माळेचा दोरा सोडून त्यातला एक रुपया काढून दगडावर टाकला. तो बद्द वाजला.

"डाख दिलेला आहे. हे नाणं नव्हे, दागिना झाला. घेता येणार नाही."

"परत टाका," नाना म्हणाले. रुपया परत बद्द वाजला. ते डोळे मिटून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "सायेब, कड्या मी लावल्याल्या हायती."

"मग तुम्हीच घ्या!" कारकून हसत म्हणाला.

तो थट्टा करत होता; नानांनी ते खरं धरलं. आठवड्याभरात भागीदाराकडून आपल्या हिश्शातली रक्कम मागवून त्यांनी सातही घरांत रुपयाला पुरे सोळा आणे दिले आणि माळा नेल्या. मला माळ द्यायची नव्हती, पण घरात शब्द सासूबाईंचा. मी रडत म्हटलं, "आवं नाना, तुमची काय चूक?"

"रुपायाचा गळा मी आवळला, पोरी. भरपाई दुसऱ्यानं का द्याची?"

दोन वर्षांनी, हे अजून पलटणीतच होते तेव्हा, लढाईच्या महागाईत चांदी इतकी चढली, की तोळ्याचा, म्हणजे एका रुपयाच्या वजनाचा भाव रुपयाच्या वर गेला. भागीदार स्वतः गावात आला, माळा आटवायला. नानांनी फडताळातून सात पुरचुंड्या काढल्या. एकही कडी तोडलेली नव्हती. त्यांनी आम्हाला बोलावणं धाडलं.

"आवं नाना, आता कुठं नफ्याचं दिस आल्यात," भागीदार ओरडला. "आन् तुमी माल परत देताय व्हय?"

"मी चांदी घेतलीच न्हवती गड्या. माजी चूक घेतली हुती. जिची तिला माघारी."

त्यांनी प्रत्येकीकडून रुपयाला सोळाच आणे घेतले, तेही कागदाच्या नोटांत. चालू भावानं द्यायला निघालेल्या एका बाईला त्यांनी दरडावलं. भागीदारी त्याच दिवशी मोडली. नाना पुढं पाच-सहा वर्षांनी वारले, तेव्हा घरात एक भाता आणि चार मुशी निघाल्या. पुष्कळजण त्यांना अव्यवहारी म्हणत. म्हणोत बापडे. अशा माणसाच्या शेजारी मी नांदले, हे मी आजही मान वर करून सांगते.

त्या दिवशी मी माळ तिथंच गळ्यात घातली. आमच्यात सुनेनं चारचौघांत पदर कपाळावर ओढूनच चालायचं. नानांच्या दारापासून आमच्या उंबऱ्यापर्यंत मी पदर मागं टाकून, अकराही रुपये दिसतील अशी चालत आले. सासूबाई माझ्या मागून येत होत्या. "पदर घे," असं त्या म्हणाल्या नाहीत.